'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे वाजला की बंद पडला?

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर वाक्य लिहिलं : 'माय अलार्म डिडन्ट गो ऑफ, सो आय मिस्ड द ट्रेन.' सगळ्यांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "सर, अलार्म ऑफ झालाच नाही, म्हणजे तो वाजत राहिला. एवढं वाजल्यावर माणूस उठणारच. मग त्याची गाडी चुकली कशी?"

त्याच्या तर्कात काही चूक नव्हती. 'ऑफ' म्हणजे बंद, हे आपण भिंतीवरच्या बटणांवर लहानपणीच शिकलेलो असतो. पण इंग्रजीत 'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला, आणि 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. शब्द तेच दोन, पण अलार्म सुरू होतो आणि दिवे बंद होतात. "असंच असतं ते, पाठ करा," असं काहीतरी सांगून मी त्या दिवशी वेळ मारून नेली.

खरं उत्तर दोन दिवसांनी एस.टी. स्टँडवर सापडलं. कुणीतरी चौकशीच्या खिडकीपाशी विचारत होतं, "सांगलीची गाडी सुटली का?" आणि शेजारी एक आजी नातवाला विचारत होत्या, "आज लवकर सुटली का रे शाळा?" गाडी सुटली म्हणजे प्रवास सुरू झाला. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे वाहू लागला, व्यसन सुटलं म्हणजे गेलं. शिवाय गोळी सुटते, वास सुटतो, तोंडाला पाणी सुटतं, गणित सुटतं, चाळिशीनंतर पोट सुटतं. एखाद्या परक्या माणसाने विचारलं, "सुटणे म्हणजे काय, एका शब्दात सांगा," तर आपण काय सांगणार? आपण उलट विचारू, "काय सुटलं, ते सांगा आधी."

'गो ऑफ'सारख्या जोड्यांशी, म्हणजे फ्रेजल व्हर्बशी, झटापट करणाऱ्याने हाच प्रश्न विचारायची सवय लावून घ्यायची आहे. बाकीच्या पायऱ्या त्याच्याच पोटात येतात.

आधी ओळख

फ्रेजल व्हर्ब म्हणजे साधं, रोजचं क्रियापद आणि त्याला जोडलेली एक छोटी शेपटी. क्रियापदं ठरलेली : गो, टेक, गेट, पुट, मेक, ब्रेक, टर्न, पिक. शेपट्याही मोजक्याच : अप, डाऊन, इन, आऊट, ऑन, ऑफ, ओव्हर, अवे. दोन्ही शब्द पहिलीच्या मुलालाही येतात, पण जोडले की तिसराच अर्थ निघतो आणि तोही एक नसतो. म्हणून तर त्रास होतो. अवघड शब्द अडला की आपण शब्दकोश उघडतो. 'टेक' आणि 'ऑफ' पाहिल्यावर उघडावासाच वाटत नाही, कारण दोन्ही येतातच असा आपला समज असतो.

हा त्रास आपल्यालाच होतो असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. परक्या माणसाला आपल्या भाषेत सगळ्यांत जास्त अडचण येते ती या शेपट्यांमुळे, असं त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे. पुढे त्याने काही नमुने दिले आहेत, त्यांत 'टेक ऑफ'ही आहे. त्याचा अर्थ तो देतो : नक्कल करणे. राइट बंधूंचं विमान उडायला अजून जवळजवळ दीडशे वर्षं होती. नकलेचा तो अर्थ ब्रिटिश इंग्रजीत आजही जिवंत आहे, आणि विमानाचा अर्थ त्याच्या शेजारी येऊन बसला आहे. जुने अर्थ जात नाहीत आणि नवे येत राहतात, आपल्या 'काढणे'सारखं. पूर्वी विहिरीतून पाणी काढायचे, कर्ज काढायचे, मग फोटो काढायला लागले, आता ऑनलाइन तिकीट काढतात.

पहिली पायरी : कोण किंवा काय, ते विचारा

वाक्यात फ्रेजल व्हर्ब दिसली की तिचा अर्थ आठवायच्या भानगडीत लगेच पडू नका. आधी कर्ता शोधा. 'गो ऑफ' घेऊ, कारण तिथूनच सुरुवात झाली.

कर्ता अलार्म, भोंगा, बॉम्ब किंवा बंदूक असेल तर आत दाबून धरलेलं काहीतरी एकदम मोकळं होतं. अलार्म वाजतो, बॉम्ब फुटतो, गोळी सुटते. आपली गोळीही 'सुटते'च, हे लक्षात घ्या.

कर्ता दिवे असतील तर ते जातात. इथे 'ऑफ' बटणावरचाच आहे.

कर्ता दूध, मासे किंवा कालची भाजी असेल तर ती खराब होते. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. हा ब्रिटिश वापर आहे. अमेरिकेत दूध 'गोज बॅड'.

कर्ता माणूस असेल तर तो निघून जातो : 'ही वेंट ऑफ टू दुबई'. पण 'ऑफ'नंतर एखादी वस्तू आली तर अर्थ बदलतो. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणजे माझं कॉफीवरून मन उडालं. हाही ब्रिटिशच.

आणि कर्ता समारंभ, सभा किंवा लग्न असेल, पुढे 'वेल'सारखा शब्द असेल, तर 'द वेडिंग वेंट ऑफ वेल' : लग्न व्यवस्थित पार पडलं. 'पार पडलं' हेही एखाद्या इंग्रज माणसाला समजावून सांगून पाहा. कुठून पडलं आणि कुठल्या पार, काही सांगता येणार नाही.

पाच कर्ते झाले आणि पाच अर्थ. मराठीत ते उतरले वाजणे, जाणे, नासणे, निघणे आणि पार पडणे असे, म्हणजे 'गो ऑफ'ला एकच मराठी शब्द नाहीच. वहीत 'गो ऑफ = वाजणे' असं लिहून घेतलंत तर पुढच्याच पानावर नासलेलं दूध वाजू लागेल.

दुसरी पायरी : कर्म आहे का?

शाळेत सकर्मक-अकर्मक शिकताना अनेकांना प्रश्न पडलेला असतो की याचा पुढे उपयोग काय. उपयोग इथे आहे. अनेक फ्रेजल व्हर्ब कर्म असताना एक बोलतात आणि कर्म नसताना दुसरंच.

'टेक ऑफ'ला कर्म दिलं की काहीतरी निघतं. 'ही टुक ऑफ हिज शूज' म्हणजे त्याने बूट काढले. 'दे टुक टेन पर्सेंट ऑफ' म्हणजे किमतीतून दहा टक्के कमी केले. 'शी टुक मंडे ऑफ' म्हणजे तिने सोमवारची सुटी घेतली, आठवड्यातून सोमवार काढून घेतला म्हणा ना. तिन्ही वाक्यांत काढण्याची क्रिया आहे, फक्त आधी बूट, मग पैसे, मग दिवस.

कर्म नसेल तर कोणीतरी किंवा काहीतरी जमीन सोडतं. विमान उडतं. धंदा 'टेक्स ऑफ', म्हणजे चांगला चालू लागतो, हळूहळू नव्हे तर एकदम. आणि माणूस 'टेक्स ऑफ', म्हणजे न सांगता-सवरता सटकतो. 'ही जस्ट टुक ऑफ' याचा अर्थ त्याने विमान पकडलं असा एका मुलीने लावला होता. पहिल्या पायरीनुसार ती बरोबर दिशेने निघाली होती, पण विमान वाक्यात कुठे होतं? माणूस स्वतःच उडाला होता. 'पैसे घेऊन उडाला' असं आपणही म्हणतोच.

'वर्क आऊट'चंही तसंच. 'शी वर्क्स आऊट एव्हरी मॉर्निंग' : कर्म नाही, कर्ता माणूस, अर्थ व्यायाम. 'ही वर्क्ड आऊट द आन्सर' : कर्म आहे, त्याने उत्तर काढलं. 'डोन्ट वरी, इट विल वर्क आऊट' : कर्म नाही, कर्ता परिस्थिती, अर्थ सगळं जमून येईल. आणि हॉटेलचं बिल वाटून घेताना ऐकू येतं ते 'इट वर्क्स आऊट टू थ्री हंड्रेड ईच'. याला मराठीत किती छान वाक्य आहे : माणशी ३०० पडले. पैसे आकाशातून पडत नाहीत, तरी आपण तसंच म्हणतो.

'ब्रेक डाऊन'बद्दल थोडक्यात. गाडी, यंत्र, लिफ्ट : बंद पडली. माणूस : रडू कोसळलं. वाटाघाटी : फिसकटल्या. या तिन्हींत कर्म नाही. कर्म आलं की पोलीस दार 'ब्रेक डाऊन' करतात, म्हणजे फोडतात, आणि अकाउंटंट खर्च 'ब्रेक डाऊन' करतो. तो काही फोडत नाही असं म्हणायला जाल तर थांबा, कारण आपण त्यालाच 'खर्चाची फोड' म्हणतो.

तिसरी पायरी : शेपटीला मराठी जोड शोधा

आता जरा वेगळा खेळ. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फरक काय? 'खा' ही नुसती सूचना. 'खाऊन टाक' म्हणजे संपव, ताटात ठेवू नकोस. क्रिया तीच, पण दुसऱ्या छोट्या क्रियापदाने तिला शेवटापर्यंत नेलं. इंग्रजीत 'ईट' आणि 'ईट अप' यांत नेमका हाच फरक आहे. आपण क्रियापदामागे दुसरं क्रियापद लावतो, इंग्रज शेपटी लावतात. काम एकच.

मग जोड्या आपोआप दिसू लागतात. 'ड्रिंक अप' : पिऊन टाक. 'टिअर अप' : फाडून टाक. 'थ्रो अवे' : फेकून दे. 'गिव्ह अवे' : देऊन टाक. 'रन अवे' : पळून जा. 'राइट डाऊन' : लिहून घे. 'फाइंड आऊट' : शोधून काढ. 'ट्राय आऊट' : करून बघ. 'कॅरी ऑन' : करत राहा. यांतलं 'शोधून काढ' मला फार आवडतं. 'आऊट' आणि 'काढ' दोघंही आतली गोष्ट बाहेर आणतात.

यावरून शेपट्यांचा ढोबळ स्वभाव कळतो. 'अप' बहुतेक वेळा काम पुरं करतो. 'ऑन' चालू ठेवतो. 'अवे' दूर नेतो. 'ऑफ' तोडतो किंवा सोडतो. 'डाऊन' कमी करतो, नाहीतर कागदावर उतरवतो. 'आऊट' बाहेर काढतो किंवा संपवतो. 'वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं. क्रिकेटमुळे आपल्याला 'रन आऊट' म्हणजे धावचीत एवढंच ठाऊक असतं, आणि दूध कसं काय धावचीत झालं असा विचार क्षणभर येतोच.

पण या स्वभावांवर फार विसंबू नका. हल्ली 'शेपटी ओळखा, अर्थ ओळखा' असे तक्ते सर्रास फिरतात. माझ्या मते ते अर्धेच खरे आहेत. शेपटी दिशा दाखवते, मुक्काम सांगत नाही. घर 'बर्न्स डाऊन' होतं आणि कागद 'बर्न्स अप' होतो, दोन्हींचा शेवट राखेतच. 'थ्रो अप' म्हणजे वर फेकणे नव्हे, ओकणे. आणि 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. त्यात 'गिव्ह' कशाला, असं विचारण्याआधी आपलं 'सोडून देणे' पाहा. त्यातही 'देणे' आहे आणि देत कुणालाच काही नाही.

चौथी पायरी : 'इट' कुठे ठेवायचा?

अर्थ कळला तरी वाक्य करताना गाडं अडतं ते इथे. 'टर्न डाऊन' म्हणजे आवाज कमी करणे, किंवा नोकरीची अथवा लग्नाची मागणी नाकारणे. 'टर्न डाऊन द ऑफर' चालतं, 'टर्न द ऑफर डाऊन' हेही चालतं. पण 'ऑफर'च्या जागी 'इट' आला की तो मधेच बसतो : 'टर्न इट डाऊन'. 'टर्न डाऊन इट' असं कोणीही इंग्रज म्हणणार नाही. सर्वनाम हलकं असतं, ते मधे चेपून बसवतात. एस.टी.त तीन जणांच्या बाकावर लहान मूल बसवतात तसं.

सगळ्यांना मधे जागा नसते. 'लुक आफ्टर' म्हणजे काळजी घेणे, 'रन इंटू' म्हणजे अचानक भेट होणे. इथे 'लुक आफ्टर हर', 'रॅन इंटू हिम' असंच. मधे काही घालायचं नाही.

कुठली कोणत्या जातीची हे कसं ओळखायचं? अंदाजाने नाही, शब्दकोशाने. ऑक्सफर्ड, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठी काढलेले शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यांत मूळ क्रियापदाच्या नोंदीखाली फ्रेजल व्हर्बांची वेगळी यादी असते. क्रियापद आणि शेपटी यांच्या मधे 'काहीतरी' या अर्थाची खूण आणि दोन्ही टोकांना टोक असलेला बाण दिसला की समजायचं, कर्म इकडे-तिकडे हलतं. कर्माची खूण शेपटीनंतरच असेल आणि बाण नसेल तर कर्म तिथेच ठेवायचं. आणि अशी खूणच नसेल तर कर्म लागत नाही. ही बारीक अक्षरं आपण वाचत नाही, नुसता अर्थ वाचून पान बंद करतो. पण दुसऱ्या पायरीतला सगळा मसाला तिथेच छापलेला असतो.

तीन शब्दांच्या फ्रेजल व्हर्बही असतात : 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'कम अप विथ' म्हणजे सुचणे, 'गेट अवे विथ' म्हणजे चुकीचं करूनही पचवणे. यांचे अर्थ कमी असतात, त्यामुळे या गरीब. फक्त 'लुक फॉरवर्ड टू'कडे लक्ष द्या. ई-मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असं लिहायची आपल्याकडे साथ आहे. तिथे 'हिअरिंग' हवं. हा 'टू' क्रियापदाआधीचा नाही, शेपटीतला आहे.

पाचवी पायरी : घरात आधीच आलेले ओळखा

फ्रेजल व्हर्ब येत नाहीत म्हणणारा माणूस दिवसभरात डझनभर वापरतो : चेकअप, मेकअप, ब्रेकअप, बॅकअप, सेटअप, फॉलोअप, वर्कआऊट. २०२० मध्ये त्यात लॉकडाऊनची भर पडली. आपण ही सगळी नामं म्हणून घेतली आहेत आणि बहुतेकदा एकाच अर्थाने. मग वाक्यात तेच शब्द क्रियापद होऊन आले की ओळख पटत नाही.

फरक दोन ठिकाणी दिसतो. नाम सहसा जोडून लिहितात, क्रियापद तोडून. बटणावर 'लॉगिन' एक शब्द, पण 'प्लीज लॉग इन' मध्ये दोन. आणि बोलताना नामात जोर पहिल्या भागावर येतो, क्रियापदात तो शेपटीवर जातो. ऐकून समजायचं असेल तर ही दुसरी खूण जास्त कामाची.

यांतला सर्वांत मजेशीर आपला 'पिकअप'. 'गाडीला पिकअप नाही' म्हणजे ती वेग घेत नाही. 'पिकअपला कोण येणार?' म्हणजे न्यायला कोण येणार. शिवाय भाजी वाहून नेणारी गाडीही पिकअपच. मराठीत राहूनच या शब्दाचे तीन अर्थ तुम्हाला न शिकता आले आहेत. मूळ 'पिक अप'चा गाभा उचलणे. फोन उचलतात, मूल शाळेतून उचलतात, आणि 'चिल्ड्रन पिक अप लँग्वेजेस क्विकली' याचं भाषांतर आपण सहज करतो : मुलं भाषा पटकन उचलतात. 'पिक अप अ कोल्ड'ला मात्र सर्दी उचलत नाहीत, ती जडते किंवा धरते. 'पिक अप द बिल' म्हणजे बिल भरणे. कर्म नसेल, आणि कर्ता वारा किंवा धंदा असेल, तर त्याने जोर धरला.

सहावी पायरी : इथलं आणि तिथलं वेगळं ठेवा

आपल्याकडे काही फ्रेजल व्हर्बांना देशी अर्थ चिकटले आहेत. ते चूक आहेत असं मी म्हणणार नाही. भारतात सगळ्यांना ते कळतात. पण परदेशी माणसाशी बोलताना गोंधळ होऊ शकतो.

सरकारी कचेरीत फाइल 'पुट अप' करतात, म्हणजे वरिष्ठांपुढे ठेवतात. 'व्हेअर आर यू पुट अप?' असा प्रश्न आला तर ती मुक्कामाची चौकशी. बाहेरच्या इंग्रजीत 'पुट अप'चं मुख्य काम काहीतरी उभं करणे, लावणे, चढवणे : तंबू, भिंतीवरचं पोस्टर, भाडं. 'वी कॅन पुट यू अप फॉर द नाइट' म्हणजे रात्री आमच्याकडे राहा. आपल्या मुक्कामाच्या चौकशीचं मूळ इथेच आहे. तरी लंडनच्या ऑफिसात फाइल 'पुट अप' केली म्हणालात तर ती कुठल्या भिंतीवर लावली, असं विचारतील.

दुसरा 'पास आऊट'. बायोडेटात आपण लिहितो, 'आय पास्ड आऊट इन २०१५'. लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला हा शब्द ब्रिटिश इंग्रजीत खरोखर आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सत्राच्या शेवटी 'पासिंग आऊट परेड' होते ती त्यातूनच आली. पण साध्या पदवीधराने तसं लिहिलं तर अमेरिकन माणूस वाचतो : मी २०१५ साली बेशुद्ध पडलो. त्याच्यासाठी 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

'कोप अप विथ' हा प्रकार मात्र सरळ चुकीचा. 'कोप विथ' एवढंच. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' ऐकून-ऐकून आपण त्यालाही एक 'अप' बहाल केला आहे.

ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्यातही मतभेद आहेतच. 'वॉश अप' म्हणजे इंग्लंडात जेवणानंतर भांडी घासणे, अमेरिकेत हात-तोंड धुणे. पाहुणे म्हणून गेलात आणि यजमानाने 'यू कॅन वॉश अप देअर' म्हटलं तर देश कोणता ते आठवा.

जाता जाता आणखी एक. शाळेत आपण 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' शिकतो आणि बोलणारे 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट आऊट' म्हणतात. आपण 'प्रस्थान केलं' लिहितो आणि 'निघालो' म्हणतो, तसंच हे. अर्जात मोठा शब्द चालेल, गप्पांत तो नाटकी वाटतो. आणि 'पुट ऑफ'ची 'कॉल ऑफ'शी गल्लत करू नका. मुलाखत 'पुट ऑफ' झाली तर पुढे ढकलली आहे. 'कॉल्ड ऑफ' झाली तर रद्द झाली, इस्त्रीचा शर्ट परत कपाटात ठेवा.

सातवी पायरी : वही

यादी करू नका. 'गेट'च्या पन्नास फ्रेजल व्हर्ब एका पानावर, समोर अर्थ, अशी वही मी स्वतः कॉलेजात केली होती. त्यातलं एकही पान परीक्षेनंतर टिकलं नाही. 'गेट अप', 'गेट ओव्हर', 'गेट बाय', 'गेट अलाँग' एकाखाली एक लिहिले की ते एकमेकांत मिसळून जातात.

त्याऐवजी वाचताना किंवा ऐकताना भेटलेलं अख्खं वाक्य लिहा. त्याखाली कर्ता कोण, कर्म आहे की नाही, एवढं एका ओळीत. मग अख्ख्या वाक्याचं मराठी, शब्दाचं नव्हे. आणि शेवटी तोच अर्थ घेऊन तुमच्या घरातलं, तुमच्या कामातलं एक वाक्य. नर्स असाल तर 'शी पास्ड आऊट ॲट द काउंटर', गॅरेजवाले असाल तर 'द टेम्पो ब्रोक डाऊन निअर द टोल नाका'. एका बैठकीत एका फ्रेजल व्हर्बचा एकच अर्थ. दुसरा अर्थ पुढे कधीतरी वाचनात भेटेल, तेव्हा जुन्या पानावर जागा ठेवलेली असेल तिथे तो लिहायचा. पान अर्ध रिकामं दिसतं, दिसू द्या.

आता करून बघा. खाली 'मेक अप'ची पाच वाक्यं आहेत. कर्ता, कर्म, मग अर्थ, या क्रमाने.

'ही मेड अप अ स्टोरी.'
'विमेन मेक अप हाफ द क्लास.'
'हॅव यू मेड अप युअर माइंड?'
'आय विल वर्क ऑन संडे टू मेक अप फॉर द लॉस्ट टाइम.'
'वी फॉट, बट वी मेड अप द नेक्स्ट डे.'

पहिल्यात कर्म गोष्ट आहे, आणि ती रचली : त्याने थाप मारली. दुसऱ्यात कर्त्यांची मिळून कर्माएवढी संख्या भरते : वर्गात निम्म्या बायका आहेत. तिसऱ्यात कर्म मन : ठरलं का तुझं? चौथ्यात 'फॉर' आला, म्हणजे काहीतरी भरून काढायचं आहे : वाया गेलेला वेळ रविवारी भरून काढीन. इथे पुन्हा आपलं 'काढणे'.

पाचवं वाक्य वर्गात बराच वेळ कुणाला सुटेना. दोघांनी भांडणानंतर पावडर-लिपस्टिक लावली, इथपर्यंत मजल गेली. शेवटी मागच्या बाकावरचा तोच अलार्मवाला उभा राहिला. "सर, कर्म नाहीये. कर्ता 'वी', म्हणजे दोघं. कालच भांडलेत. दोघांचं एक तर ब्रेक अप होणार, नाहीतर…" तो थांबला, वहीत पाहिलं आणि म्हणाला, "मिटलं सर त्यांचं."